खर्रा खात होता का?

चामोर्शीत कुणाला हार्ट अटॅक आला की पानठेल्यावरचा पहिला प्रश्न ठरलेला: खर्रा खात होता का? 'हो' म्हटलं की सगळे सुटले. तंबाखूनं धमन्या बिघडतात, आतला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, हे खरंच. पण छातीवर दडपण, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ सुरू झाल्यावर 'गॅस असेल' म्हणत जे तास जातात, त्यांचं काय? 2 तासांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लवकर द्यावं लागतं. नागपूर इथून जवळपास 200 किलोमीटर.

गडचिरोलीतच काम करणाऱ्या डॉ. अभय बंगांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'मध्ये स्वतःचीच जगण्याची रीत तपासली. रोग्यानं स्वतःला विचारलेला असा प्रश्न मला पटतो. तोच आपण त्याच्या खाटेशी उभं राहून विचारला की निवाडा होतो.

सर्व्हर बंद पडला की आमच्याकडे 'कुणी पाडला' यापेक्षा 'कुठे अडलं' हे शोधतात. (त्याला पोस्टमॉर्टम म्हणतात, नाव वाईटच आहे.) तसं इथेही विचारावं: घरातून निघायला किती वेळ लागला? 108 कधी आली? ईसीजी किती मिनिटांत निघाला? इंजेक्शन होतं का?