ऊस आणि पान

माळशिरस तालुक्यात चहा बिनसाखरेचा मागितला तर समोरचा आधी तब्येतीची चौकशी करतो. 1932 साली सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला साखर कारखाना उभा केला. पुढे श्रीपूर, अकलूज, सदाशिवनगर ही गावंही धुराड्यांवरून ओळखली जाऊ लागली. इथला चहा गोडच असणार, आणि उकळलेलाही. दूध, साखर, आलं, चहा पावडर सगळं एकत्र खदखदलं पाहिजे, रंग चढला पाहिजे. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामी असते, तेव्हा वारकऱ्यांसाठी मोठाल्या पातेल्यांत चढतो तोही असाच चहा.

अशा घरात कुणी सुट्ट्या पानांचा चिनी हिरवा चहा आणून दिला की त्याचं नशीब ठरलेलं. पानं पातेल्यात पडतात, खळखळून उकळतात, आणि पहिल्या घोटाला शेरा येतो, "काढा आहे का हा?" पुडी मग फडताळात मागे जाते.

दोष पानाचा नसतो. काळा आणि हिरवा चहा एकाच जातीच्या झाडाचा. पान खुडल्यावर चुरगळून हवेवर काळं पडू दिलं तर काळा चहा होतो. तेच पान थोडं सुकवून लगेच तापवलं तर काळं पडण्याची क्रिया थांबते आणि हिरवेपणा टिकतो. चीनमधल्या हांगझोऊजवळचा लोंगजिंग चहा तापलेल्या कढईत हाताने दाबून, फिरवून असाच तयार करतात. त्यातला सर्वांत नाजूक माल एप्रिलच्या सुरुवातीला येणाऱ्या चिंगमिंग सणाआधी खुडलेला. आपल्याकडे कारखान्यांचा पट्टा पडण्याचे, म्हणजे उसाचं गाळप संपण्याचे, साधारण तेच दिवस.

या पानात कडूपणाही आहे आणि गोडसरपणाही. कडू-तुरट चव कॅटेचिन आणि कॅफीन या द्रव्यांची, आणि पाणी जितकं कढत तितकी ती भराभर उतरतात. मऊ, गोडसर चव थियानिनसारख्या अमिनो आम्लांची, आणि ती कमी तापलेल्या पाण्यातही सहज येतात. म्हणून पाणी 75 ते 80 अंशांचं घ्यायचं. पेलाभर पाण्याला चमचाभर पानं, दोन मिनिटं, आणि गाळून घ्यायचं. आपल्या नेहमीच्या चहाला उकळी सोसते, कारण दुधातली प्रथिनं त्याचा तुरटपणा बांधून ठेवतात आणि उरलेलं साखर सांभाळते. हिरव्या पानाच्या मदतीला असं कुणीच नसतं.

तापमापक नसला तरी अडत नाही. जुने चिनी जाणकार पाण्यातल्या बुडबुड्यांना नावं देत. आधी कोळंबीच्या डोळ्यांएवढे, मग खेकड्याच्या, मग माशाच्या. हिरव्या चहासाठी खेकड्याच्या डोळ्यांशी थांबायचं. ही नजर आपल्याला परकी नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतल्या बुडबुड्यांवरूनच पाक कुठवर आलाय ते सांगतो, आणि उतरवायची घडी चुकली तर सगळी काहील वाया जाते. अगदीच शंका असेल तर पाणी उकळून चार-पाच मिनिटं उघडं ठेवावं.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहेच. आठव्या शतकात लू यूने चहावर ग्रंथ लिहिला, त्यात डोंगरातलं पाणी उत्तम, नदीचं मध्यम आणि विहिरीचं शेवटचं ठरवलं. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांना हे पटेल. त्यात चहावर साय धरल्यासारखा तवंग येतो आणि चव दबते. त्याच लू यूने चहात आलं, पुदिना, कांद्याची पात घालून उकळणाऱ्यांच्या चहाला गटारातलं पाणी म्हटलं होतं. आपल्या आल्याच्या चहाचं त्याच्यापुढे काही खरं नव्हतं. पण स्वतः मात्र तो चहात मीठ घालायचा. पुढे 1391 साली मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने चहाच्या दाबलेल्या वड्यांचा नजराणा बंद करून सुटी पानं पाठवायला सांगितलं. वड्या करण्यात रयतेचे फार कष्ट जात. मीठ गेलं, वड्या गेल्या, आणि शेवटी पेल्यात पान आणि पाणी उरलं.

साखरपट्ट्यातल्या माणसाला इथे थोडं अडखळायला होतं. आपण उसाच्या हिशेबाने विचार करतो. ऊस एका चरकातून काढला, दुसऱ्यातून काढला, वर पाणी मारून पुन्हा पिळला, तरच शेवटचा गोडवा हाती लागतो. मागे राहिलेलं चिपाडही बॉयलरमध्ये जळतं. उसाशी असंच वागावं लागतं, तो पिळल्याशिवाय काही देत नाही. चहाचं पान पिळलं तर कडूच देतं. त्याच्याशी सबुरीने वागलं तर तेच पान दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही पाणी घेतं. बरेचदा दुसरं पाणी पहिल्यापेक्षा चांगलं लागतं, कारण तोवर पान पुरतं उलगडलेलं असतं. उन्हाळ्यात तर विस्तवही नको. माठातल्या गार पाण्यात रात्रभर पानं ठेवली तर सकाळी जे मिळतं त्यात कडूपणा जवळपास नसतो.

घरात, शाळेत, कामाच्या जागी आपण माणसांकडूनही काही ना काही काढून घेत असतो. कधी उत्तर, कधी मेहनत, कधी आठवण. बाहेरगावी शिकणारा मुलगा सुट्टीला घरी आला की पहिल्याच संध्याकाळी आपण त्याला प्रश्नांच्या उकळीत घालतो. मार्क किती, खर्च किती, पुढे काय? तो तुटक बोलतो, आपण म्हणतो पोरगं बदललं. एकच प्रश्न विचारून थांबलो असतो तर पहिलं उत्तर फिकं आलं असतं, पण दुसऱ्या दिवशी शेतावर जाताना त्याने आपणहून बरंच सांगितलं असतं. नव्या सुनेचं मौन, म्हाताऱ्या वडिलांची अर्धवट राहिलेली गोष्ट, वर्गात मागे बसणाऱ्या मुलीची शंका, ही सगळी पानाच्या जातीची आहेत.

म्हणून प्रत्येक वेळी नरमाईच बरी, असं नाही. थकलेलं ऊसबिल मऊ बोलून निघत नाही, आणि चोरलेला हिशेब वाट पाहून सापडत नाही. तिथे चरक लावावाच. फक्त लावण्याआधी आपल्या हातात ऊस आहे की पान, एवढं बघून घ्यावं.