दोन चाके फुटपाथवर

अरुंद गल्लीत गाडीची दोन चाके फुटपाथवर चढवणारा माणूस उद्धट असतोच असे नाही. उलट बरेचदा तो विचारी असतो. मागून येणाऱ्या रिक्षाला, दुधाच्या टेम्पोला जाता यावे म्हणून तो गाडी अगदी कडेला घेतो, आरसा मिटतो, उतरून एकदा मागेपुढे पाहतो आणि आपण कोणाची वाट अडवली नाही या समाधानाने घरी जातो. प्रश्न इथेच सुरू होतो. त्याने ज्यांचा विचार केला ते सगळे वाहनात बसलेले आहेत. त्यांच्याजवळ हॉर्न आहे. वाट अडली तर दोन मिनिटांत ते सारी आळी जागी करतील. पायी चालणाऱ्याजवळ हॉर्न नाही. तो काही न बोलता फुटपाथवरून खाली उतरतो, गाडीला वळसा घालतो आणि पुन्हा वर चढतो. आपले सौजन्य हॉर्नवाल्यांपुरतेच असेल, तर त्याला सौजन्य म्हणावे की धाक?

आपल्या वसईतल्या जुन्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या. दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणे आणि मधून वाट. पुढे कित्येक वाड्यांच्या जागी इमारती आल्या, वाटेवर डांबर आले, कडेने गटारे बांधली गेली. त्या गटारांवर लाद्या टाकून जी दोन-तीन फुटांची पट्टी मिळाली, तिलाच अनेक ठिकाणी आपण फुटपाथ म्हणतो. त्या लाद्या माणसांच्या पावलांसाठी आहेत. लहानशी मोटारही सातशे-आठशे किलोंची असते. रोज तिचे चाक चढू लागले की लादी आधी डुगडुगते, मग तडकते, मग एका कोपऱ्यात खाली बसते. पावसाळ्यात वर पाणी साचले की ती फट दिसतही नाही. म्हणजे गाडी तिथून निघून गेली तरी तिने केलेली अडचण तिथेच राहते.

फुटपाथ किती रुंद असावा याचे मापही ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट, मोकळी जागा हवी. आपल्या गल्लीत त्याच्या निम्मीही नसते. तिच्यावर दोन चाके आली की उरते ती भिंतीला अंग घासत जाण्याएवढी फट. तरुण माणूस तिथूनही निघून जाईल. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला अर्धा फूट खाली उतरणे आणि पुन्हा चढणे म्हणजे काय, हे तिच्याबरोबर बाजाराला गेलेल्यालाच कळते. एका हाताने नातवाला धरलेले आणि दुसऱ्या हातात पिशवी. ती गाडीला वळसा घालते तेव्हा नातू रस्त्याच्या बाजूला असतो. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला तर उतरताच येत नाही. त्याला मागे वळावे लागते. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध बांधवाची गोष्ट आणखी निराळी. काठी जमिनीलगतचा अडथळा शोधते. चाक तिला सापडते, पण छातीच्या उंचीवर बाहेर आलेला आरसा किंवा टेम्पोच्या मागे लोंबणारी सळई काठीला कळत नाही.

कायद्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो पुरेसा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्यास मनाई करते. वाहन चालवण्याच्या २०१७ सालच्या नियमांनी फुटपाथवर गाडी उभी करणे नावानिशी वर्ज्य केले आहे. आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्यांविना फुटपाथ वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. चालण्याची वाट आणि जगण्याचा हक्क एका वाक्यात आले, ही गोष्ट साधी नाही.

मग गाडी लावायची कुठे, असे कोणी विचारील. हा प्रश्न खोटा नाही. इमारती उभ्या राहिल्या तेव्हा पार्किंगचा विचार झाला नाही, आणि जिथे झाला तिथे त्या जागेत पुढे दुकान किंवा अडगळीची खोली आली. रात्रपाळी करून पहाटे परतणाऱ्या माणसाला जागा शोधत फिरायला लावणे कठोर वाटते. पण गल्लीची रुंदी आपल्या सोयीने वाढत नाही. गाडी कोणीतरी दूर लावून दोनशे पावले चालायची, की कोणीतरी फुटपाथ सोडून वाहनांच्या मधून चालायचे, एवढाच काय तो पर्याय उरतो. दोघांपैकी कोणी चालावे? आमच्या मते गाडी घेणे ज्याने स्वतःहून ठरवले, त्याने. आजीने म्हातारपण ठरवून घेतलेले नाही. जपानने हा हिशोब १९६२ सालच्या कायद्यानेच घातला आहे. तिथे साधारणपणे मोटार नोंदवण्याआधी ती ठेवायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडे काही लाखांची गाडी घेताना मागेपुढे न पाहणारा माणूस महिन्याच्या पार्किंगभाड्याला मात्र उधळपट्टी म्हणतो.

या अडचणीचे एक वैशिष्ट्य असे की, त्रास देणारा आणि त्रास सोसणारा यांची कधी भेटच होत नाही. वाटेत उभा असलेला माणूस समोरून कोणी आले की आपसूक बाजूला होतो. गाडी होत नाही. आजी सकाळी साडेसहाला तिथून जाते तेव्हा गाडीचा मालक झोपलेला असतो. त्यामुळे ना कोणी रागावते, ना कोणी क्षमा मागते. ‘फादर, मी फुटपाथवर गाडी लावली’ असे कोणी प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. अर्थात ते आमच्या ऐकिवात येणारही नाही! तरी शेजाऱ्यावरील प्रीतीविषयी आपण जेव्हा बोलतो, तेव्हा ज्याचा चेहरा आपल्याला कधी दिसणारच नाही असा शेजारीही त्यात येतो की नाही?

शेजाऱ्याला हे सांगायचे कसे, हीसुद्धा एक अडचणच. काचेवर निनावी चिठ्ठी लावली की चीड येते. चाकातली हवा सोडणे हा तर दुसरा अपराध झाला. दार वाजवून, बसून, ‘आमच्या आईला तिथून जाता येत नाही’ असे सांगितले तर बहुतेक माणसे ऐकतात. न ऐकणारा एखादा निघतोच, आणि त्याच्यासाठी वाहतूक पोलीस आहेत.

रविवारी हा प्रश्न आपल्या दारातही येतो. पहिल्या मिस्सेची माणसे बाहेर पडत असतात, दुसऱ्या मिस्सेची येत असतात, आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत चर्चसमोरच्या गल्लीत फुटपाथ शोधूनही सापडत नाही. त्या गल्लीत इतर धर्मांची कुटुंबेही राहतात. त्यांना रविवारी सकाळी औषध आणायला जावे लागते. बहुतेक ठिकाणी शाळेचे मैदान चर्चच्या आवाराला लागूनच आहे. तिथून वेदीपर्यंत पायी तीन-चार मिनिटे लागतात. प्रवेशगीत चुकायला नको असेल तर घरून तेवढे लवकर निघता येते.