कुत्र्यांची जागा आधी

इंदूरच्या होळकरांचं कुलदैवत खंडोबा. त्याचा टाक पाहा: घोड्यावर देव, संगतीला म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. पण आजच्या इंदूरमधलं जोडपं कुत्र्यांना घेऊन निघालं, की हॉटेलच्या दारातच अडतं. रेल्वेत त्यांना जवळ ठेवायचं, तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो. मग गाडीमागे जोडायचा छोटा कॅरव्हॅन-ट्रेलर मनात भरतो. शेजारच्या महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं.

असा ट्रेलर घेणार असाल, तर आधी पलंग आणि दार यांच्यामधली मोकळी जमीन बघा. कुत्री तिथेच पसरणार. रात्री उठताना पाऊल शेपटीवर पडू नये, एवढी जागा हवीच. त्यांना आत घेऊन बसा, दार लावा, वारा आरपार खेळतो का पाहा. माळव्यातल्या मे महिन्यात बंद डबा त्यांच्या जिवावर बेततो.

मग वजन. भरलेल्या ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर यावा. तो कमी पडला, तर ट्रेलर मागे झोकांड्या खातो. खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट उतरताना ते महागात पडेल. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कुत्री कधीच नकोत. ती तुमच्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा लावून. विकत घेण्याआधी जमलं तर भाड्याने घ्या, महेश्वरला एक मुक्काम करा. कुत्री आत निवांत झोपली, तरच पैसे मोजा.