निपुणतेचे मोल

एखाद्या माणसाने आपले सारे आयुष्य एकाच लहानशा कामाला वाहून द्यावे का? आणि दिले, तर त्याचे मोल कोणी चुकवायचे? असे प्रश्न आपण सहसा थोर कलावंतांच्या बाबतीत विचारतो. आज ते आम्ही एका आचाऱ्याच्या निमित्ताने विचारीत आहोत.

टोकियोच्या गिन्झा भागात, एका इमारतीच्या तळघरात, जिरो ओनो यांनी १९६५ मध्ये सुशीचे उपाहारगृह उघडले. सुशी म्हणजे शिरका घातलेल्या भाताचा हाताने वळलेला घास व त्यावर बहुधा कच्च्या मासळीचा पातळ तुकडा. तिथे एका वेळी जेमतेम १० माणसे बसतात. २००७ मध्ये मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेने या तळघराला तीन तारे, म्हणजे आपला सर्वोच्च मान, दिला. पुढे सामान्य ग्राहकाला तिथे जागा राखून ठेवता येईनाशी झाली, म्हणून २०१९ मध्ये ते नाव यादीतून वगळले गेले. २०२५ मध्ये जिरो यांनी वयाची शंभरी गाठली.

या दुकानात नव्या शिष्याने प्रथम ग्राहकांसाठी कढत टॉवेल हाताने पिळायचे असतात. हात पोळतात, पण ते जमल्यावाचून मासळीला हात लावायचा नाही. नंतर वर्षानुवर्षे मासळी कापणे, मुरवणे. आणि सुमारे १० वर्षांनी अंडी शिजविण्याची परवानगी. डेव्हिड गेल्ब यांच्या २०११ च्या माहितीपटात दाइसुके नाकाझावा हा शिष्य आपली कहाणी सांगतो. अंड्याची गोडसर वडी त्याने २०० हून अधिक वेळा केली आणि प्रत्येक वेळी ती नाकारली गेली. अखेर एके दिवशी गुरूंनी ती पसंत केली. तेव्हा त्याला रडू आवरले नाही.

ही निष्ठुरता म्हणावी काय? आमच्या मते नकार दोन प्रकारचे असतात. एक शिष्याला खुजा ठेवण्यासाठी दिलेला, दुसरा कामाची उंची कमी होऊ नये म्हणून दिलेला. दोहोंतला भेद ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. गुरू तेच माप स्वतःला लावतो का? आणि वेळ आली की शिष्याला मोकळे करतो का? जिरोंच्या दुकानात पूर्वी ऑक्टोपस मऊ करण्यासाठी अर्धा तास चोळीत. जिरोंना ते पुरेसे वाटले नाही आणि वेळ पाऊण तासाच्या घरात गेली. वृद्धपणीही त्यांनी स्वतःचे काम पुरे झाले असे मानले नाही. नाकाझावाने पुढे अमेरिका गाठली आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाचे उपाहारगृह उभे राहिले. या दोन्ही खुणा येथे दिसतात, म्हणून तो नकार आम्ही शिष्याचा सन्मानच समजतो.

तथापि, नाण्याला दुसरी बाजू आहे. त्याच माहितीपटात जिरो सांगतात की मुले लहान असताना ते घरी जवळजवळ नसतच. एका रविवारी ते घरी झोपलेले पाहून मुलाने आईला सांगितले, की घरात कोणी परका माणूस झोपला आहे. जिरो हे हसत सांगतात. ऐकणाऱ्याला मात्र हसू येत नाही.

शिष्याने तिथे राहणे स्वतः पत्करले होते; २०० नकारांचे दुःख त्याचेच होते आणि त्याचे फळही त्यालाच मिळाले. मुलाने काहीच पत्करले नव्हते. बापाच्या निपुणतेचा हप्ता तो मात्र न विचारता भरत होता. स्वतःच्या घामाने केलेली साधना पुण्यशील खरी. पण दुसऱ्याच्या वाट्याचा वेळ घेऊन केलेली साधना हे ऋण असते. ते ऋण कीर्तीने फिटत नाही.

म्हणून जिरोंचे अनुकरण करावे की नाही, असा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत नाही. काम जीव ओतून करावे, दोनशे वेळा फसले तरी पुन्हा करावे, हे त्यांच्याकडून अवश्य घ्यावे. मात्र दुकान, नोकरी, शेती वा समाजकार्य, ज्याला आपण वाहून घेतले असेल, त्याचा हिशेब मांडताना घरातल्या धाकट्या मुलाला एकदा विचारावे : आम्ही तुला ओळखीचे वाटतो ना?