मोटार चालू आहे

मुरुडात आणि आसपासच्या खेड्यांत कुणाला जुनं यंत्र घ्यायचं झालं की माणसं मला सोबत नेतात. ऑइल इंजिन, मळणीयंत्र, सबमर्सिबल, ट्रॅक्टर. मी कान लावून ऐकतो, ऑइलची काडी पुसून बघतो, दोन नट हलवून पाहतो आणि ‘चालंल’ किंवा ‘नको’ म्हणतो. तेवढ्यावर पैसे मोजले जातात. या वेळी मात्र ‘चालंल’ तोंडातून निघेना, आणि ते का निघेना हे स्वतःलाच नीट विचारावं म्हणून लिहायला बसलोय.

मामला होडीचा आहे. मुरुड आणि होडी म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं जंजिरा उभा राहतो. आमचं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं, बाजाराचं आणि बोअर आटण्याचं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याचे टँकर घेऊन रेल्वे लातूरला आली, तेव्हा धनेगावच्या मांजरा धरणात पंपाला लागेल एवढंही पाणी नव्हतं. त्याच धरणाचे सगळे अठरा दरवाजे सप्टेंबर 2021च्या शेवटी उघडावे लागले. नदीकाठची माणसं पत्र्यावर, झाडावर बसून राहिली आणि त्यांना काढायला बोटी आणि हेलिकॉप्टर आलं. 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यानं पुन्हा तेच बघितलं. एनडीआरएफची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. तिथून गाड्या निघून गावाच्या वेशीला लागेपर्यंत रात्र जाते. म्हणून नदीकाठच्या एका गावातल्या पोरांनी वर्गणी काढली आणि उजनी धरणाच्या फुगवट्यावरची एक जुनी फायबरची होडी मोटारीसकट घ्यायचं ठरवलं. मला म्हणाले, “काका, तुम्ही नुसतं बघून हो म्हणा.”

तर बघितली. मोटारीचं झाकण उघडण्याआधी मी तिच्यावर हात ठेवला, थंड होती. विकणारा पाहुणे यायच्या आधी मोटार गरम करून ठेवतो आणि मग ती एका ओढीत सुरू होते. इथं तसं नव्हतं. चौथ्या ओढीला लागली, धूर सोडला, मग सावरली. बाजूनं पाण्याची बारीक धार पडत होती, म्हणजे आतला इम्पेलर पाणी ओढतोय. खालच्या गिअरचं ऑइल काढून बघितलं. दुधाळ असतं तर सील गेलं, पाणी आत शिरतंय असं समजायचं. ते काळं होतं, दुधाळ नव्हतं. प्लग काढून दोन्ही सिलिंडरचा दाब मोजला, फरक किरकोळ निघाला. पंख्याची एक पाती दगडावर लागून वळलेली, ती काय कुणीही सरळ करील. गोड्या पाण्यातली मोटार, त्यामुळं समुद्रावरच्या मोटारीला आतून खाणारं मीठही नाही.

मग होडीची मागची उभी पाटी, जिच्यावर मोटार अडकवतात. तिला ट्रान्सम म्हणतात. फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि मोटारीच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपून ते कुजतं. बाहेरून रंग ताजा, आत भुसा. मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो. उजवीकडं टणक आवाज, डाव्या कोपऱ्यात हातभर जागा बद्द वाजली. सत्तर किलोच्या आसपासची मोटार आणि वरून तिचा जोर, हे सगळं त्या पाटीवर येणार.

इथवर माझं काम चोख होतं. खरं तर मला मजा येत होती. नवीन यंत्र, नवी रचना, उभ्या दांड्यातून खाली उतरणारा शाफ्ट, भोवती पोरं, आणि मी एकेक भाग बोट ठेवून सांगतोय. आता बसून बघतो तर दिसतं, की ‘हो’ तिथंच माझ्या मनात तयार झाला होता. बद्द आवाजानंतर मी लगेच हिशेब केला, पाटी दुरुस्त करता येते, फायबरवाला किती घेईल, तेवढे किमतीतून कमी करू. दोषातून मी वाट काढत होतो. ट्रॅक्टरचा ब्लॉक असा बद्द वाजला असता तर मी एवढा उदार झालो असतो का? नसतोच झालो.

विकणाऱ्यापाशी मी फार बोललो नाही. 21 मे 2024 ला वादळी वाऱ्यात कुगाव-कळाशीच्या मधे प्रवाशांची बोट उलटली आणि सहा माणसं गेली, तेव्हापासून त्या पाण्यावर माणसं बसवायचा धंदा पहिल्यासारखा राहिला नाही, असं तो म्हणाला. त्याची नड मला कळली आणि किंमत अजून खाली येईल हेही त्याच क्षणी कळलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात येतात याची लाज वाटावी की हा साधा व्यवहार म्हणावा? घासाघीस करायला माझी हरकत नाही. पण बुडालेल्या सहा माणसांच्या जोरावर घासाघीस करायची नाही, एवढं मी ठरवलं. पाटीच्या दुरुस्तीचा खर्च वजा, बाकी किंमत त्यानं सांगितलेली.

कागद विचारले तर तो हसला. “पाव्हणं, हिला कसले कागद?” अंतर्देशीय जलयान कायदा 2021 सालचा आहे आणि यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी लागते. पोरांना हे सांगितल्यावर एकजण म्हणाला, “पुरात कोण बघतंय?” पुरात कोणी बघत नाही हे खरंच. पण पुरात बघत नाही ते बोट उलटल्यावर बघतात.

मला खरा अडथळा याच्याही पुढचा आहे. मी मोटार तपासली ती शांत पाण्यात, काठाला दोरी बांधून. मांजरेचा पूर मी काठावरूनच बघितलाय. त्या पाण्यात उसाची पाचट असते, बाभळीच्या फांद्या, तारेचं कुंपण आणि एकरच्या एकर उपटून आलेल्या ठिबकच्या नळ्या. ती नळी पंख्याला एकदा गुंडाळली की मोटार बंद, आणि बंद मोटारीची होडी ज्या बाजूनं पाणी जातं त्या बाजूनं जाते. गाळानं पाण्याची वाट बुजली तर ती चांगली धार थांबते आणि मोटार तापून जाम होते. चौदा फूट लांब, पाच फूट रुंद होडी. लांबी-रुंदीचा गुणाकार करून पंधरानं भागायचं, अशी छोट्या होडीची एक सोपी रीत आहे. साडेचारच्या जरा वर येतात, म्हणजे चालवणारा धरून चार माणसं. पाण्यानं वेढलेल्या घराच्या पत्र्यावरून चारच माणसं उतरतील आणि बाकीची थांबतील, हे कोण कुणाला सांगणार? जो सांगेल त्याचं ऐकणार कोण? दहा चढणार.

मी ‘चालंल’ म्हणालो की गावात निरोप जाईल, काकांनी बघितलंय. मोटारीपुरतं बोललेलं माझं वाक्य माणसांपुरतं होऊन बसेल, आणि ते तसं होतं हे मला चांगलं ठाऊक आहे. त्याचाच मला आजवर मान मिळत आला. ‘मला पाण्यातलं कळत नाही’ हे वाक्य त्या पोरांपुढं जिभेवर येऊन मागं गेलं. का, तर आपल्याला यंत्रातलं कळत नाही असं त्यांना वाटेल म्हणून. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून सापडलं नाही.

आणि एक गोष्ट जास्त टोचते. धरणाच्या फुगवट्यात वर्षानुवर्षं जाळी टाकणारे भोई आहेत. थर्माकोलच्या तराफ्यावर, हातानं वल्हवत. कुठं ओढ आहे, कुठं भोवरा पडतो, रात्रीच्या वाऱ्यात होडी कशी सांभाळायची, हे त्यांना आमच्यापेक्षा किती तरी जास्त ठाऊक. वर्गणी काढताना त्यांच्याकडं कुणी गेलं नाही, होडी बघायला जीपमध्ये त्यांच्यापैकी कुणाला घेतलं नाही. मलाही सुचलं नाही. पाना हातात असलेला, पांढऱ्या शर्टातला माणूस जाणकार, आणि गुडघाभर चिखलात उभा असलेला पुरात पोहून माणूस आणतो तरी त्याचं मत विचारायचं नसतं, हे आमच्या अंगात इतकं मुरलंय.

पोरांना सकाळी फोन करून सांगितलं. मोटार चालू आहे, मी लिहून देतो. डावा कोपरा कुजलाय, तोही लिहून देतो. होडी घ्यावी की नाही हे मी सांगणार नाही, मला त्यातलं कळत नाही. पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, “मग काका, विचारायचं कुणाला?” धनेगावच्या बाजूला एक म्हातारे भोई आहेत, आपण रविवारी जाऊ, मी येतो, असं सांगितलं. तोवर इसार द्यायचा नाही. आणि वर्गणीतले पैसे मोजताना आधी लाईफ जॅकेट, दोऱ्या आणि मोटार बंद पडली तर वल्ही, एवढे बाजूला काढून उरलेल्यात होडी बसते का ते बघायचं. बसत नसेल तर जॅकेटं आणि दोऱ्या घेऊन घरी यायचं.