नेमून दिलेले पान

दिवाळीची वाट पाहणे सोपे असते. भाजणी दळून आणायची, माळ्यावरचा आकाशकंदील काढून झटकायचा. दिवस कामात निघून जातात आणि ठरल्या तिथीला दिवाळी न चुकता दारात येते. ख्रिस्ती लोकांच्या आगमनकाळातले वाट पाहणे निराळ्या जातीचे आहे.

नाताळपूर्वीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले दिवस म्हणजे आगमनकाळ. या दिवसांत रोज बायबलातले कोणते उतारे वाचायचे, हे कॅथलिक चर्चने नेमून दिले आहे. सध्याचा क्रम १९६९ साली ठरला. गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आवडता भाग आधी ओढून घ्यायचा नाही, कंटाळवाणा गाळायचा नाही. मी जन्माने ख्रिस्ती नाही, पण डिसेंबरात हे उतारे क्रमाने वाचतो. त्यात कंटाळ्याचीही सोय आहे. १७ डिसेंबरला मत्तयाने दिलेली वंशावळ येते : अब्राहामापासून येशूपर्यंत नुसती नावे. परंतु त्या पुरुषांच्या रांगेत मरियेच्या आधी चार बायका उभ्या आहेत. तामार, राहाब, रूथ आणि चौथीचे तर नावही नाही, केवळ उरीयाची बायको. (आपल्या एखाद्या कुळवृत्तान्ताने या चौघींना खुशाल वगळले असते!)

माझी अडचण दुसरीच होती. जो दोन हजार वर्षांपूर्वी येऊन गेला त्याची दरसाल नव्याने वाट पाहायची, यात थोडे नाटक नाही काय? उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळाले. लोक तलवारी ठोकून नांगराचे फाळ करतील, असे यशया सांगतो. सकाळचे वर्तमानपत्र शेजारी ठेवून हे वाचावे. यायचे ते सगळे अजून आलेले नाही, हे श्रद्धावंतालाही कबूल करावे लागते. मग नाटक उरत नाही; किती काळ वाट पाहायची, हा प्रश्न मात्र उरतो.

जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये नाझींच्या तुरुंगातून मित्राला लिहिले, की कोठडीतले जिणे आगमनकाळासारखेच आहे. दार बाहेरूनच उघडावे लागते. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

त्यांच्याआधी असाच एक कैदी होऊन गेला. येशूच्या येण्याची दवंडी ज्याने पिटली, तो योहान हेरोदाच्या बंदिवासातून शिष्यांकरवी विचारतो : येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? तीन वर्षांच्या क्रमात एका वर्षी हा उतारा तिसऱ्या रविवारी येतो. सणाच्या तोंडावर हा संशय मोठ्याने वाचायला लावणाऱ्यांचे मला कौतुक वाटते. येशू ‘होय’ म्हणत नाही. जे पाहता आणि ऐकता ते त्याला सांगा, म्हणतो : आंधळे पाहू लागले, पांगळे चालू लागले, गरिबांना शुभवार्ता मिळाली.

पुढच्या वर्षी त्याच रविवारी यशयाचा उतारा असतो. गरिबांना शुभवार्ता तिथेही आहे. पण तिच्यासोबत बंदिवानांच्या सुटकेचेही वचन आहे. योहानाला धाडलेल्या निरोपात तेवढेच नाही. हा निरोप ऐकून तो काय म्हणाला, हे मत्तयाने लिहिलेले नाही. पुढे त्याचे मस्तक तबकात घालून आणले, एवढेच लिहिले आहे.