मीठ-मोहरी ओवाळताना
संधिवाताने बोटे आखडलेल्या सुनेवरून सासूबाई मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकतात. ठसका लागला नाही, तर दृष्ट होतीच म्हणायचे! आपण हसण्याआधी एवढे पाहावे : त्या दोन मिनिटांत घरातले कोणीतरी दुखणाऱ्या माणसाजवळ उभे असते. वर्षानुवर्षांच्या आजारात हेच आधी आटते. औषध चालू असेल, तर मला यात काही वावगे वाटत नाही.

अडचण पुढच्या प्रश्नात आहे. "कोणाची दृष्ट?" आजार हटत नाही, मग बोट शेजारणीकडे वळते. करणीचा आळ घेऊन कोणाचे जगणे मुश्कील करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण संशय त्याआधीच मनात शिरलेला असतो. मोहरी तडतडताना आपल्या मनात कोणाचे नाव येते?